खाऱ्या मातीचा कागद

१

रविवारी सकाळी भाताच्या शेतात मासे उडत होते.

पहिल्यांदा ते दिसले बांधावरून फिरायला निघालेल्या शाळेच्या मास्तरांना. दाणा दुधावर आलेलं भात, कमरेइतकं उंच, आणि त्याच्या ओळींमधून खाडीतले बोटभर मासे सटासट उड्या मारत होते. मास्तरांनी खाली उतरून ओंजळभर पाणी जिभेला लावलं आणि तिथेच मटकन बसले. पाणी खारं होतं. तीनशे एकर, एका बांधाच्या आत, सगळीकडे खारं.

खाडी आणि शेतं यांच्या मधे मातीचा बांध होता आणि त्या बांधात एकच लोखंडी झडप. ओहोटीला ती उघडायची, शेतातलं जादा पाणी बाहेर सोडायचं, भरती यायच्या आत बंद करायची. वर, बांधाच्या माथ्यापेक्षा खाली, खाडीच्या अंगाला सिमेंटच्या ओट्यावर ती फिरवायचं चाक, चाकाला साखळी, साखळीला कुलूप. सगळं गाव बांधावर धावलं तेव्हा झडप सताड उघडी होती आणि साखळी कापून ओट्यावर पडली होती.

"कापली," चेअरमन म्हणाले. शेतकरी सोसायटीचे ते वीस वर्षांचे चेअरमन. "किल्ली असती तर कापायची गरज काय होती? बाहेरच्याचं काम आहे. आणि बाहेरचा म्हणजे कोण, ते मी सांगायला नको."

नाव घ्यायची गरज नव्हतीच. शनिवारी संध्याकाळी भरावशेठची जीप बांधावर उभी होती, ती अर्ध्या गावाने पाहिली होती. भातशेती विकत घ्यायची, तिच्यावर मुरूम टाकायचा, गोदामं उभी करायची, हा त्याचा धंदा. म्हणून लोक त्याला भरावशेठ म्हणत, आणि तो ते नाव स्वतःच्या तोंडानेही कौतुकाने सांगत असे. कायद्याने पिकती भातजमीन बिनशेती होत नव्हती. जमीन नापीक ठरली, तर मात्र होत होती. सोमवारी दहा वाजता कचेरी उघडली तेव्हा शेठचा अर्ज टेबलावर आलेला होता.

जमीन पिकती की नापीक, हे ठरवायला माती तपासणीच्या प्रयोगशाळेतून एक बाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात माती काढायचं लांब गिरमिट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. प्रयोगशाळेत, कचेरीत, शेतावर, सगळे त्यांना मातीबाई म्हणत. वय अडतीस. कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर समोरच्याला आणखी बोलायला लावणाऱ्या.

गाडीच्या ड्रायव्हरला त्यांच्याबद्दल एक गोष्ट माहीत होती, जी गावात कुणाला माहीत नव्हती. पलीकडच्या खाडीकाठी मातीबाईंच्या वडिलांचं पाच एकर भात होतं. भरावशेठनं आजूबाजूची शेतं घेऊन भराव केला, पाण्याला जायला वाट राहिली नाही, पाच एकर दोन वर्षं कुजत राहिलं आणि शेवटी मातीमोलानं गेलं. त्यावर कंटेनरचं यार्ड झालं. वडिलांनी आयुष्याची शेवटची सहा वर्षं त्याच यार्डाच्या फाटकावर वॉचमन म्हणून काढली.

"बाई," ड्रायव्हर गाडी बंद करत म्हणाला, "या वेळी सापडलाय."

मातीबाई गिरमिट उचलून खाली उतरल्या.

२

भरावशेठचं ऑफिस म्हणजे पत्र्याची लांब खोली. भिंतीवर नकाशा, नकाशावर लाल रंगाचे चौकोन. शेठ जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचा, समोरच्याला खुर्ची स्वतः ओढून देणारा.

"शनिवारी बांधावर होतो, खोटं कशाला बोलू? पाच वाजता गेलो, सहाच्या आत निघालो. मोजणीवाला बरोबर होता, विचारा त्याला."

"आणि सोमवारी अर्ज."

"अर्ज दोन वर्षं खणात पडला होता. देवानं दार उघडलं, मी आत पाय टाकला. दार मी उघडलं असं थोडंच होतं?" त्याने पुढ्यातला चहा बाईंकडे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. "बाई, एवढं वाईट वाटून घेऊ नका. तीनशे एकरानं काय होतंय? तांदूळ कमी पडला तर बोटीनं येतो."

"गेल्या वर्षी बोट आली नव्हती," मातीबाई म्हणाल्या. "ज्यांच्याकडून आपण घेतो त्यांनी सात महिने निर्यात बंद केली होती. त्यांच्याकडेही शेतावर गोदामंच उभी राहतायत. या खाडीकाठी दहा वर्षांपूर्वी असे बारा पट्टे होते. आता पाच उरलेत. हा गेला की चार. आज जन्मलेलं मूल वीस वर्षांचं होईल तेव्हा त्याच्या ताटात पडणारा प्रत्येक दुसरा घास बाहेरून यावा लागेल. आणि तेव्हा देणारा कोण असेल, हे तुम्हालाही माहीत नाही."

"ते बघायला मी नसेन," शेठ हसत म्हणाला. "तुम्हीही नसाल कदाचित."

मातीबाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर शेठनं मागून सहज विचारलं, "एक सांगा. मला झडप उघडायचीच असती, तर कापलेली साखळी तिथे ओट्यावर टाकून आलो असतो का? खाडी काय लांब होती?"

गाडीत बसल्यावर त्यांनी ड्रायव्हरला हे सांगितलं. तो म्हणाला, "हुशार माणूस असंच बोलणार."

"हो," त्या म्हणाल्या. "असंच बोलणार."

चौकशीला आलेल्या फौजदारांनी तर सांगूनच टाकलं होतं: बाई, तुम्ही एक ओळ लिहून द्या, की बाहेरच्या माणसानं जाणूनबुजून एका भरतीत जमीन बिघडवली. आज दुपारी उचलतो त्याला. एक ओळ. मातीबाई ती ओळ मनात पाच-सहा वेळा लिहून चुकल्या होत्या. प्रत्येक वेळी ती गोड लागली होती.

पण त्या आधी माती बघायची होती.

३

भाताच्या शेतात चिखलणी करून करून वीतभर खाली एक घट्ट थर तयार होतो. पाणी तो थर सहज ओलांडत नाही. म्हणूनच शेतात पाणी उभं राहतं आणि म्हणूनच भात होतं. मातीबाईंना हे शिकवायला कुणाची गरज नव्हती, त्यांच्या बापाचे पाय आयुष्यभर त्याच थरावर उभे राहिले होते.

त्यांनी गिरमिट पहिल्या शेतात घातलं. वरची माती काढली, पाण्यात ढवळली, क्षार मोजायचा मीटर लावला. नऊ. भाताला तीनपर्यंत सोसतं. ठीक. एका रात्रीत वरची माती खारी होणारच. मग त्यांनी गिरमिट आणखी फिरवलं, त्या घट्ट थरातून खाली, हातभर खोल. तिथली माती काढली.

साडेसात.

त्यांनी मीटर पुसला, परत लावला. साडेसात. दुसऱ्या शेतात सात. तिसऱ्यात आठ. दिवसभर त्या एकामागून एक शेत टोचत गेल्या, आणि ड्रायव्हर मागे पिशव्या बांधत गेला.

"काय झालं बाई?"

"एका रात्रीत मीठ इतकं खाली जात नाही," त्या म्हणाल्या. "दोन महिने लागतात. प्रत्येक उधाणाला थोडं थोडं पाणी आत येत होतं. झडप वीतभर उचलून ठेवली असेल आणि नंतर परत बंद केली असेल. कुणाच्या लक्षात येणार नाही इतकीच."

"दोन महिने रोज कोण साखळी कापणार?"

"कुणी नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे, त्याला कापावी लागत नाही."

ती एक ओळ त्यांना आता लिहिता येणार नव्हती. कारण भरावशेठकडे किल्ली नव्हती.

उन्हं उतरताना त्या सगळ्यात खालच्या शेताशी पोचल्या. खोलगट, झडपेकडे जाणाऱ्या चराला चिकटून. खारं पाणी सगळ्यात आधी इथे यायला हवं, सगळ्यात जास्त इथे मुरायला हवं. पण इथलं भात हिरवंगार होतं. मीटर दोनच्या पुढे गेला नाही. वरही नाही, खालीही नाही.

शेताच्या कडेला एक बाई विळा घेऊन उभ्या होत्या. साठीच्या, विधवा, एकट्या शेती करणाऱ्या. गाव त्यांना काकी म्हणे.

"तुमचा बांध बाकीच्यांपेक्षा दोन हात उंच आहे, काकी. आणि चरातून आत येणारा पाइप चिकणमातीनं बुजवलाय. हे कधी केलंत?"

"मी नाही केलं," काकी म्हणाल्या. "गुडघे कुठे चालतात माझे? दोन-अडीच महिन्यांपूर्वी एका सकाळी आले तर बांध असा लिंपलेला. कुणीतरी भल्या माणसानं केलं म्हटलं. विचारत बसले नाही."

"एकट्या तुमचाच?"

"माझाच." त्यांनी नजर वळवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "गेला आठवडाभर चरातलं पाणीही उतरत होतं. रोज चार बोटं. झडप बंद असताना पाणी जातं कुठे, म्हणून मी चेअरमनना निरोपही दिला. ते म्हणाले, ऊन फार आहे."

मातीबाईंनी गिरमिट जमिनीत तसंच उभं राहू दिलं. आठवडाभर पाणी उतरत होतं. म्हणजे झडप शनिवारी रात्री उघडलीच नव्हती.

ती आधीच उघडी होती.

४

चेअरमनच्या घराच्या पडवीत एक टेबल होतं आणि त्या टेबलावर मातीबाईंनी साखळी ठेवली. फौजदार दारात उभे होते.

"चेअरमनसाहेब, शनिवारच्या भरतीला ओट्यावर गुडघाभर पाणी होतं. या साखळीच्या कडीकडीवर गाळ सुकलाय, बघा. आता ही कापलेली टोकं बघा."

टोकं चकचकीत होती. त्यांवर गाळाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"साखळी पाणी येऊन गेल्यावर कापलीये. झडप उघडायला नाही कापली. उघडलेली झडप बघून कुणीतरी कापली."

चेअरमननी कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसू लागले, पुसायला काही नसताना.

"किल्ल्या दोनच," शेवटी ते म्हणाले. "एक झडप राखणाऱ्या तात्याकडे, एक माझ्याकडे. तात्या आठ दिवस बहिणीकडे गेलेला. झडप माझ्या भरवशावर. मास्तर ओरडत आले तेव्हा सगळ्यात आधी मी ओट्यावर पोचलो. कुलूप जागच्या जागी, साखळी जागच्या जागी, आणि खालून पाणी वाहतंय, म्हणजे झडप उघडी. लोकांनी माझं काय केलं असतं? लोक पोचायच्या आत शेजारच्या मळ्यातला कटर आणला आणि कापली. भरावशेठ तसाही गिळायलाच टपलाय. त्याच्या नावावर गेलं तर काय बिघडलं?"

मातीबाईंना हसू आलं नाही, पण येऊ शकलं असतं. हेच, अगदी हेच, त्या कालपासून स्वतःला विचारत होत्या.

"मग उघडली कुणी?" फौजदारांनी विचारलं. "तात्या तर शनिवारी इथे नव्हता. बहिणीच्या घरचे सगळे साक्षीला आहेत."

"बहिणीकडे तो गेला कधी?" मातीबाईंनी विचारलं.

"त्याच्या आधीच्या शनिवारी."

"त्या आधीच्या शनिवारी भांग होती," मातीबाई म्हणाल्या. "भरती सगळ्यात छोटी. तेव्हापासून चार-पाच दिवस खाडीचं पाणी झडपेच्या उंबऱ्याला लागतसुद्धा नाही. झडप पूर्ण उघडी ठेवून कुलूप लावून निघून जायचं. ओट्यावरून बघितलं तर ती उघडी की बंद, काही कळत नाही. शेतातलं पाणी तेवढं हळूहळू बाहेर जात राहतं, आणि ते काकींनी पाहिलं. मग दिवसागणिक भरती वाढत जाते. शुक्रवारी पाणी उंबऱ्याला लागलं. शनिवारी पौर्णिमा. समुद्रानं बाकीचं काम केलं. माणूस इथे असायची गरजच नव्हती."

चेअरमनच्या हातातला चष्मा खाली पडला.

"तात्या?" ते म्हणाले. "तात्यानं कशाला करावं? आम्ही त्याला नोकरी दिली. चौदा वर्षं त्याचं पोट या झडपेवर चाललंय."

"नोकरी द्यायच्या आधी तात्या काय करत होता?"

चेअरमन चष्मा उचलायला वाकले. उत्तर पडवीच्या आतून त्यांच्या सुनेनं दिलं. ती दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

"शेती," ती म्हणाली. "रस्त्याकडेचं चार एकर भात. आता जिथे सोसायटीची गिरण आहे ना, तिथे."

५

सोसायटीच्या ऑफिसात कपाट होतं, कपाटात चौदा वर्षांपूर्वीची फाइल. चेअरमन ती काढून द्यायला तयार नव्हते. सूनबाईंनी किल्ली आणून दिली. सासऱ्यांकडे बघितलं नाही.

फाइलमध्ये पहिला कागद सभेच्या ठरावाचा. गिरण आणि भात वाळवायचं सिमेंटचं आवार बांधायला रस्त्यालगतची चार एकर जमीन हवी. मालक द्यायला तयार नाही. परंतु सदर जमीन नापीक असल्याने ती सार्वजनिक कामासाठी ताब्यात घेऊन बिनशेती करण्यास हरकत नाही. हात वर करणारे, एकशे बारा. न करणारा, एक. खाली त्या एकाचं नाव होतं, आणि ते काकींच्या गेलेल्या नवऱ्याचं होतं.

म्हणून एक शेत कोरडं राहिलं होतं. एकशे बारा घरांवर समुद्र सोडला होता आणि एका घराचा बांध रात्री जागून हातांनी लिंपला होता.

मातीबाई पान उलटणार तेवढ्यात थांबल्या. नापीक म्हणायला नुसता ठराव पुरत नाही, कागद लागतो. रस्त्यालगतची, गोड्या पाण्याची, बांधापासून लांब असलेली जमीन नापीक आहे असं कुणीतरी लिहून दिलं असणार. खारी माती तपासून. ती माती कुठून आली असेल हे त्यांना आताच दिसत होतं: बांधाच्या पलीकडून, खाडीच्या बाजूने, दोन पिशव्या भरून.

"नमुने कुणी आणले होते?" त्यांनी विचारलं.

चेअरमन जमिनीकडे बघत होते. "आवार सगळ्यांच्याच कामाचं होतं," ते म्हणाले. "भात रस्त्यावर वाळवायचो आम्ही. गाड्या जायच्या वरून."

मातीबाईंनी पान उलटलं.

प्रयोगशाळेचा शिक्का ओळखीचा होता. क्षारता अकरा, जमीन भातास अयोग्य. प्रत्यक्ष पाहणी या रकान्यात लिहिलं होतं: केली. आणि त्याखाली सही. नवी नोकरी लागलेल्या माणसाची, प्रत्येक अक्षर वेळ घेऊन काढलेली सही.

ती त्यांचीच होती.

६

तात्या पळाला नव्हता. दुपारी ओट्यावर चाकाला टेकून बसला होता. वाळलेला, पासष्टीचा, पांढऱ्या दाढीचे खुंट वाढलेला. समोर तीनशे एकर हळूहळू पिवळं पडत होतं आणि तो त्याकडे बघत होता, जसं माणूस स्वतः शिजवलेल्या अन्नाकडे बघतो.

फौजदार, चेअरमन, मागे गाव. मातीबाई ओट्यावर चढल्या आणि सगळं क्रमानं सांगितलं. खोलवरचं मीठ, उतरणारं पाणी, लिंपलेला बांध. तात्यानं एकदाही मधे तोंड घातलं नाही. संपल्यावर तो म्हणाला, "बरोबर."

"पण आत्ता का, तात्या?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. "चौदा वर्षं गप्प बसलास."

"चौदा वर्षं जमत होतं," तात्या म्हणाला. "माझ्या शेतावर तुम्ही भात वाळवलंत. माझी बायको वर्षभर त्या तारेच्या कुंपणाबाहेर जाऊन उभी राहायची, संध्याकाळी मी हाताला धरून आणायचो. ती गेली. तरी जमलं. मग तीन महिन्यांपूर्वी तुमची सभा झाली. भरावशेठच्या विरोधात. जमीन आई आहे, म्हणालात. इंचभर भातजमीन जाऊ देणार नाही म्हणालात. एकशे बारा हात वर. मी मागे उभा राहून मोजले. तेच हात होते."

तात्यानं समोरच्या पिवळ्या भाताकडे हात केला.

"खाऱ्या मातीचा कागद तुम्ही आधी बनवलात. माती मी नंतर बनवली. कागद खोटा राहायला नको."

चेअरमन पुढे झाले. "अरे, पण मुलाबाळांच्या तोंडचा घास आहे हा."

"माझ्या घरात मूल झालं असतं तर त्याच्याही तोंडचा होता." तात्याचा आवाज चढला नाही. त्याने मान वळवून मातीबाईंकडे पाहिलं. "आणि बाई, तुम्हालाच पाठवतील हे मला माहीत होतं. या भागात दुसरं आहेच कोण? तुमच्याच हातानं नापीक लिहायचं, अशी माझी इच्छा होती."

"तुम्ही मला ओळखता?"

"तुमच्या खिडकीशी आलो होतो मी. कागद हातात घेऊन. म्हटलं, एकदा येऊन माझं शेत बघा. तुम्ही म्हणालात, साहेबांना विचारा. साहेब रजेवर होते. परत आलो, तुम्ही जेवायला गेला होतात."

मातीबाईंना तो आठवत नव्हता. त्यांनी मनापासून आठवून पाहिलं. खिडकी आठवली, पिशव्यांचा ढीग आठवला, रकान्यात 'केली' लिहायची सवय आठवली, कारण गाडी नसायची आणि सगळेच तसं लिहायचे. माणूस आठवला नाही.

"आता लिहा," तात्या म्हणाला. "माती खरीच खारी आहे. या वेळी खोटं लिहावं लागणार नाही."

फौजदार त्याला हात धरून उठवू लागले. तो हात झटकून स्वतः उठला, खिशातून किल्ली काढली आणि चाकावर ठेवली.

७

मातीबाईंनी तो अहवाल तीन दिवस लिहिला.

कायद्यात एक ओळ होती, जी सहसा कुणी वाचत नसे. दोन पावसाळ्यांच्या आत जी जमीन धुऊन सुधारता येते, तिला नापीक म्हणायचं नाही. घट्ट थर फोडायचा, मीठ सुटं करणारं जिप्सम टाकायचं, पावसाचं पाणी अडवून पुन्हा पुन्हा ओहोटीला सोडायचं. कष्ट कंबरडं मोडणारे, पण होण्यासारखे. त्यांनी आकडे मांडले आणि खाली लिहिलं: जमीन भाताची आहे. बिनशेतीस अयोग्य.

नकाराचा कागद द्यायला त्या स्वतः पत्र्याच्या खोलीत गेल्या. या क्षणासाठी त्यांनी बारा वर्षं एक वाक्य घडवून ठेवलं होतं. शेठनं कागद वाचला आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरला. गोदामवाल्यांना त्याने शब्द देऊन ठेवला होता.

"माझे वडील तुमच्या यार्डावर वॉचमन होते," मातीबाई म्हणाल्या. "उंच होते. डाव्या पायानं लंगडायचे. ते शेत त्यांचंच होतं."

शेठनं खरोखर आठवायचा प्रयत्न केला. ते त्याच्या कपाळावर दिसत होतं. "वॉचमन बरेच येऊन गेले हो," तो म्हणाला. "कुठला म्हणताय?"

मातीबाई बाहेर आल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढला, जो अजून कुणी पाहिला नव्हता, आणि ड्रायव्हरला मोठ्या कचेरीकडे घ्यायला सांगितलं. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "तो कशाचा?" त्यांनी दाखवला. चौदा वर्षांपूर्वीचा अहवाल खोटा होता. नमुने चेअरमननी खाडीतून आणले होते. पाहणी झाली नव्हती. पाहणी केली असं लिहिणारी मी.

"बाई, नोकरी जाईल."

"चला," त्या म्हणाल्या.

नोकरी लगेच गेली नाही. त्यांना निलंबित केलं आणि चौकशी लावली. चेअरमनवर गुन्हा दाखल झाला, त्यांचं पद गेलं, जामीन मिळाला. तात्याही सात महिन्यांनी जामिनावर सुटून आला. काकींनी त्याला आपल्या पडवीत जागा दिली.

पेरणी तोंडावर आली तेव्हा गावात बियाणं नव्हतं. बांधाच्या आत लावायचं ते भात गावाचं स्वतःचं, दरवर्षी घरात राखलेलं. बाजारात त्या जातीचा दाणा मिळत नव्हता, आणि मिळणारं भात या मातीत टिकत नव्हतं. ते आता एकाच घरात उरलं होतं. लोक काकींच्या दाराशी आले. काकींनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं आणि अट सांगितली.

"ज्याला बियाणं हवं, त्यानं घण आणि कुदळ घेऊन गिरणीच्या आवारात यायचं. आवार फोडायचं. आपापल्या हातानं. मजूर लावलेला चालणार नाही."

"काकी, चार एकर सिमेंट आहे. भात वाळवायचं कुठे मग?"

"पूर्वी वाळवत होता तिथे. रस्त्यावर."

काहीजण चिडून निघून गेले. चार दिवसांनी परत आले. पाचव्या दिवसापासून आवारात घण वाजू लागले. तात्यासाठी कुणीतरी खुर्ची आणून ठेवली आणि तो कडेला बसून राहिला. कोण आला, कोण नाही, बघत. कुणाला रामराम नाही, कुणाला थांब नाही. दुपारी सावली सरकली की खुर्ची सरकवायचा, एवढंच. लोकांच्या तळव्यांना फोड आले, सालपटं निघाली, बायकांनी फडकी बांधून कुदळी मारल्या. तात्यानं सगळं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची एकही रेघ मऊ झाली नाही.

चेअरमन नवव्या दिवशी आले. सून पुढे, ते मागे. सत्तरीच्या माणसाला घण उचलेना. गर्दीतून एकानं तो घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तात्या खुर्चीतून म्हणाला, "ज्याचा त्यानं." चेअरमननी दोन्ही हातांनी घण छातीपर्यंत आणला आणि सोडला. सिमेंटवर एक पांढरा ओरखडा उठला. त्यांनी परत उचलला.

मातीबाई दहाव्या दिवशी बसनं आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, बियाणंही नको होतं. त्यांनी पिशवी कुंपणाशी ठेवली, पडलेली एक कुदळ उचलली आणि मधल्या भागात, जिथे नुसते तडे गेले होते, तिथे मारायला लागल्या. कुणाकडे न बघता, दातओठ खाऊन, एकामागून एक. जणू त्या सिमेंटखाली कुणीतरी लपलं होतं आणि त्याला आज सोडायचं नव्हतं.

लादीचा मोठा तुकडा हलला. त्यांनी तो उपटून बाजूला टाकला आणि पुन्हा कुदळ डोक्यावर नेली.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तात्या उठून त्यांच्या शेजारी येऊन उभा होता. त्यानं वर गेलेला कुदळीचा दांडा एका हातानं धरला.

"हळू मारा," तो म्हणाला. "खाली माती आहे."